वेस दिली

नानांना कुणी ‘इतिहासकार’ म्हटलं की ते आधी मागे वळून बघतात, हा कुणाला म्हणतोय म्हणून. हे नाटक आहे, मला विचारा. मनातून गुदगुल्या होत असतात. एकोणीस वर्षं मी त्यांची पुस्तकं टाइप करतेय, त्यांची सगळी नाटकं मला पाठ आहेत.

नाना माझ्या नात्यातले नव्हेत. मी देवपुरात घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटरवर मराठी टायपिंग करते, आणि ते दोन गल्ल्या सोडून राहतात. मूळचे भडगावचे. बसवर कंडक्टर होते आणि नोकरीतली बहुतेक वर्षं त्यांनी मुक्कामी गाडी मागून घेतली. संध्याकाळी शेवटच्या गावाला जायचं, तिथंच झोपायचं, सकाळची पहिली फेरी घेऊन परत यायचं. बाकीचे कंडक्टर या ड्युटीला नाकं मुरडायचे. नानांनी मात्र गिरणाकाठची गावंच्या गावं अशी झोपून काढली. जेवण झालं की पारावर बसायचं आणि विचारायचं, ही भिंत पडली कशी, त्या विहिरीला हे नाव का. लोक सांगत, आणि नाना ते जुन्या वेबिलांच्या, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाच्या कागदांच्या, कोऱ्या बाजूला टिपून घेत. पुढे एका म्हाताऱ्या कारकुनाच्या पाया पडून मोडी शिकले, मिळतील तिथून जुनी कागदपत्रं उतरवून आणली, आणि रिटायर व्हायच्या आधीच त्यांचं पहिलं पुस्तक बसस्टँडवरच्या स्टॉलवर लागलं होतं.

त्यांच्या पुस्तकांत राजे कमी. जागल्या, पाणक्या, घाटात बैल दामटणारा गाडीवान, किल्ल्याच्या दाराशी दळण दळणारी बाई, अशी माणसं जास्त. आणि लिहिणं असं की मोठ्यानं वाचता आलं पाहिजे. मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “बाई, वाक्य एका स्टॉपवरनं निघालं की पुढच्याच स्टॉपला थांबायला पाहिजे. मध्ये कुणी चढायचं नाही, कुणी उतरायचं नाही.” मी कधी एखादा जोडशब्द सुचवला तर म्हणायचे, “हा विनातिकीट आहे, उतरव याला.”

रावेरकडच्या केळीवाल्यांच्या घरात पंचांगाशेजारी नानांचं पुस्तक असतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एकदा एक शेतकरी केळीचा आख्खा घड खांद्यावर घेऊन त्यांच्या दारात उभा. का, तर पुस्तकात त्याच्या पणजोबाच्या पाटाची हकिकत होती, आणि त्या पाटाचं पाणी अजून त्याच्या केळीला जातं. आठवडाभर आम्ही दोन घरं मिळून केळी खात होतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरून फोन आला होता, की आमच्या इथं बारा घरांत मिळून एकच पुस्तक आहे, त्याची पानं सुटलीत, दुसरं पाठवाल का. नानांनी दुसऱ्याच दिवशी स्वतः जाऊन दिलं. मोठ्या शहरातली मोठी माणसं असल्या लिखाणाला इतिहास मानत नाहीत, ते त्यांचं त्यांना लखलाभ. जळगावला एका सभेत एका प्राध्यापक साहेबांनी हसत हसत ‘कंडक्टरी इतिहास’ असा शब्द वापरला. मी खुर्चीतच तडतडले. नाना उठले आणि म्हणाले, “बरोबर आहे तुमचं. मी प्रत्येकाला विचारतो, कुठून बसला आणि कुठं उतरणार. तुम्ही विचारता का?” साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला.

नोकरीतली एक वस्तू नानांनी जपून ठेवलीय, तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा. विचार करताना तो हातात टकटक वाजतो. एखादं पान त्यांच्या मनासारखं उतरलं की कोपऱ्यात एक भोक. भोक पडलं म्हणजे पान पक्कं, मग त्यातला काना-मात्रा हलवायचा नाही. माझ्याकडे अशा भोकं पडलेल्या पानांचे गठ्ठे आहेत, आणि मला त्यांचा अभिमान आहे. दागिने दाखवावेत तसे मी ते आल्यागेल्याला दाखवते.

एक पुस्तक सोडून.

ते पुस्तक मी त्यांच्याकडे यायच्या आधीचं. त्यांचं सगळ्यात गाजलेलं. त्यातल्या ‘फितूर वेस’ नावाच्या प्रकरणावर शाळांत मुलं भाषणं करतात, गॅदरिंगला नाटुकली बसवतात, मोबाइलवर त्याचं वाचन फिरत असतं. हकिकत अशी की जुन्या अंदाधुंदीच्या काळात लुटारूंची एक टोळी तापीकाठच्या एका गावावर आली, आणि गावकऱ्यांनी न लढता वेशीचा दरवाजा उघडून गाव त्यांच्या हवाली केलं. तीन दिवस टोळीनं गावात मुक्काम केला, आणि पुढची सहा गावं तिथून लुटली. नानांनी ते इतकं सुरेख लिहिलंय की वाचताना त्या गावाची चीड येते. दरवाज्याच्या बिजागऱ्या कशा कुरकुरल्या, हेसुद्धा ऐकू येतं.

ते गाव माझं माहेर.

आमच्या गावच्या पोरीला बघायला पाहुणे आले की कुणीतरी हसत म्हणतंच, वेस उघडी आहे ना? बाजारात भांडण झालं की पहिली शिवी तीच. लग्नानंतर माझ्या हातून दार उघडं राहिलं की सासूबाई म्हणायच्या, “माहेरची सवय गं, दुसरं काय.” त्या मायेनं म्हणायच्या, पण मला लागायचं. नानांना मी माझं गाव कधी सांगितलंच नाही. शिंदखेड्याकडची, एवढंच. तोंडाळ म्हणून मी गल्लीत प्रसिद्ध आहे, पण या एका बाबतीत मान खाली घालून गप्प बसले. कारण खरं सांगायचं तर मलाही ते खरंच वाटत होतं. नानांनी लिहिलं होतं ना.

आबांना, माझ्या वडिलांना, मात्र ते कधीच पटलं नाही. आबा कपाशी करतात, फारसे शिकलेले नाहीत. महिन्यातून एकदा भरताची वांगी घेऊन माझ्याकडे यायचे. अकरा वर्षांपूर्वी असेच आले आणि पहिल्यांदाच टेबलावरच्या गठ्ठ्याकडे बोट करून म्हणाले, “हाई कोनं शे?” मी नानांचं नाव सांगितलं. आबांनी पिशवी खाली ठेवली. पाणीसुद्धा प्यायले नाहीत. “त्या मानूसना कागद तुना घरमा शेतस, तवलोंग मी येत नै,” म्हणाले आणि उन्हात चालते झाले. त्यानंतर त्यांनी माझ्या घरात पाय ठेवला नाही. दिवाळीला मी माहेरी जायचे, ते बोलायचे, जेवायला वाढ म्हणायचे. पण माझ्या पोराच्या बारशालासुद्धा आले नाहीत. मी काम सोडायला हवं होतं का? कितीदा तरी मनात आलं. पण ते लिखाण मला आवडायचं, आणि माझ्या हातचं होतं. हट्टाला आम्ही बापलेक सारखेच.

गेल्या वर्षी त्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढायचं ठरलं. जुनी छपाई शिशाच्या खिळ्यांची, म्हणून सगळं नव्यानं टाइप करायचं होतं. प्रकाशनाचा कार्यक्रम देवपुरातच, आणि त्यातच नानांचा सत्कार. ‘फितूर वेस’ त्यांनी स्टेजवर वाचून दाखवायचं, असंही ठरलं. मी दात-ओठ खाऊन ते प्रकरण टाइप केलं. शेवटी नाना एक कागद घेऊन आले, “या वेळी मूळ पत्रही छापू. लोकांना कळू दे, कंडक्टर पुराव्यानं बोलतो.” एका कारकुनानं वरच्या कचेरीला पाठवलेलं मोडी पत्र होतं, नानांनी उतरवून घेतलेलं. मी टाइप करायला लागले. टोळी आली. गावकरी यांणी वेस दिली. टोळी तीन रोज राहिली. खळी जळाली.

माझी बोटं थांबली.

“नाना, वेस दिली म्हणजे काय?”

“म्हणजे दिली. हवाली केली.”

“आमच्याकडे दार देतात म्हणजे लावतात. दार दी दे म्हणजे दार लावून घे. आई रोज तिन्हीसांजेला ओरडायची, दार दी दे, कुत्रं घुसी जाई.”

“गिरणाकाठी दार लावतात, देत नाहीत. आमच्याकडे म्हणजे कुणाकडे?”

तेव्हा मी गावाचं नाव सांगितलं.

नानांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, “अच्छा. म्हणून म्हणतेस होय.”

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणता. चुकलं असेल तर चुकलं म्हणा, नसेल तर नाही म्हणा, पण ‘म्हणून म्हणतेस’? मी म्हटलं, “एकोणीस वर्षं तुमच्या वेलांट्या सुधारल्या, तेव्हा त्या कुठल्या गावच्या हाताच्या होत्या, विचारलं नाहीत. खळी जळाली म्हणतोय तो कारकून. धान्य मळायची खळी असतात वेशीबाहेर. टोळी गावात होती, तर घरं सोडून बाहेरची खळी का जाळली? तुम्हीच सांगा. नाहीतर हे पान दुसऱ्या कुणाकडून टाइप करून घ्या.” नाना कागद उचलून गेले. मीही हाक मारली नाही. रात्री भाजीत दोनदा मीठ पडलं, घरातल्यांनी निमूट खाल्लं.

पाचव्या दिवशी सकाळी दारात नाना. खांद्याला पिशवी, डोक्याला टोपी. “चल,” म्हणाले, “तुझ्या गावाला जाऊ. मी तापीकाठी कधी ड्युटी केली नाही. तो पट्टा मी पाहिला तो नंतर, चारचाकीतून, भाषणं करत.” मी चपला घातल्या. बोलले मात्र नाही, राग गेला नव्हता.

शिंदखेड्याला आम्ही गावाकडची बस धरली. नाना सवयीनं दाराजवळच्या सीटवर बसले, मी पलीकडे. मधल्या एका फाट्यावर एक म्हातारी चढली, डोक्यावर टोपलं, दुसऱ्या हातात कोंबडी. बस निघाली तरी दार उघडंच, आणि रस्त्याचं काम चालू होतं. म्हातारी नानांना म्हणाली, “भाऊ, दार दी द्या बरं, धूळ यी राह्यनी.”

नानांनी वर बघितलं. “काय देऊ?”

“दार.”

“दार कुणाला देऊ, अक्का?”

अख्खी बस हसायला लागली. कंडक्टर पोरगी पुढून म्हणाली, “अहो बाबा, दार द्या म्हणजे लावा. बाहेरगावचे दिसता.” आणि तिनंच येऊन धाडकन दार लावलं. आयुष्यभर ज्यानं बसची दारं लावली त्या माणसाला एका कंडक्टरनं दार देणं म्हणजे काय ते शिकवलं. मी खिडकीबाहेर बघत होते. एक शब्द बोलले नाही, देवाशपथ. पण नाना माझ्याकडे बघतायत हे मला कळत होतं.

गावात पोचल्यावर त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. वेशीचे दोन दगडी खांब अजून उभे आहेत, त्यांच्याजवळ बराच वेळ उभे राहिले. दगडातलं अडसराचं भोक हातानं चाचपून पाहिलं. एका माणसाला एवढंच विचारलं, तुमची जुनी खळी कुठं होती? त्यानं वेशीबाहेर, नदीकडे हात केला. आमचं घर तिथून दिसतं. आबा ओट्यावर बसलेले होते, आम्हाला पाहून आत गेले. मी म्हटलं, “चला ना घरी.” नाना म्हणाले, “आता नको. तोंडानं माफी मागणं सोपं आहे. शिवी मी छापून दिलीय, आधी छापून येऊ दे.”

परत आल्यावर त्यांनी ट्रंकेतले सगळे कागद काढले. एका बसमधल्या म्हातारीच्या बोलण्यावर इतिहास उलटा करायचा नसतो, म्हणाले. त्याच कारकुनाची आणखी पत्रं त्यांनी त्याच काळात उतरवली होती. आठ दिवस ते आणि भिंग. नवव्या दिवशी एक ओळ घेऊन आले. कुठल्याशा पाटलाला दिलेली ताकीद होती. सांजेस वेस द्यावी, पहाटेस उघडावी.

“तीस वर्षांपूर्वी मी ही ओळ वाचलीय,” नाना म्हणाले. “तेव्हा वाटलं, वेस जागल्याच्या ताब्यात द्यावी असं असेल. चालवून घेतलं मी. गोष्ट छान जमत होती ना.” मग थोडा वेळ चिमटा वाजवत बसले. “तीस वर्षं मी एका गावाला शिवी देत होतो, आणि लोक टाळ्या वाजवत होते.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझा सगळा राग तिथंच संपला.

प्रकाशक फोनवर फोन करत होते. प्रकरण तसंच राहू द्या, लोकांना तेच हवंय, हवी तर शेवटी बारीक टीप टाका. नाना म्हणाले, “शिवी मोठ्या अक्षरात आणि माफी बारीक? नाही जमणार. मग पुस्तकच राहू द्या.” जे प्रकरण त्यांची ओळख होतं, ते त्यांनी स्वतःच्या हातानं फाडलं आणि नवं लिहायला बसले. मी टाइप करत होते, ते खोलीत येरझाऱ्या घालत होते. वेस लावली. तीन दिवस, तीन रात्री. बाहेर खळी जळतायत, वर्षाचं धान्य डोळ्यांसमोर जातंय, आणि आत कुणी अडसर काढत नाही. जुन्या प्रकरणापेक्षा शंभर पटीनं सरस उतरलं. हे मी माहेरची म्हणून म्हणत नाहीये. म्हणत असेन तर असू दे.

कार्यक्रमाला हॉल भरला होता. मी आबांना फोन केला होता, त्यांनी ऐकून घेतला आणि ठेवून दिला. गावातून एक जीप भरून माणसं आली, त्यांत आबा नव्हते. शाल, नारळ झालं, आणि लोक ‘फितूर वेस’ ऐकायला सावरून बसले. नानांनी कागद उघडला. “या प्रकरणात मी एका गावाला फितूर म्हटलं होतं,” त्यांनी वाचलं. “ते गाव फितूर नव्हतं. मला त्या गावची भाषा येत नव्हती.” मग गावाचं नाव घेतलं, मोठ्यानं, सावकाश. स्टॉपचं नाव पुकारावं तसं.

आमच्या गावचा एक म्हातारा मागून उठला आणि म्हणाला, “परत वाचा.” नानांनी परत वाचलं. म्हातारा उभ्यानं ऐकत राहिला, मग बसला. त्या दिवशी मी स्टेजच्या कडेला उभी होते आणि मला वाटत होतं, सगळ्यांना ओरडून सांगावं की हे पान मी टाइप केलंय, मी, त्याच गावची. सांगितलं नाही. इतिहास लिहिणारे पुष्कळ असतील, पण स्वतःच्या सगळ्यात गाजलेल्या पानावर स्वतःच्या सत्कारात काट मारणारा माणूस मी एकच पाहिलाय, आणि मी त्याची टायपिस्ट आहे.

त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी नाना पुढच्या खोलीत बसले होते, दाराजवळच्या खुर्चीवर, पुढच्या पुस्तकाची पानं घेऊन. दार उघडंच होतं. बाहेर चपला काढल्याचा आवाज झाला. मी मान वर केली तर उंबऱ्यावर आबा. हातात वांग्यांची पिशवी. अकरा वर्षांत किती वाकले होते, ते दिवाळीला दिसलं नव्हतं, माझ्या घराच्या दारात कळलं.

नाना उठून उभे राहिले. त्यांनी आपली खुर्ची पुढे सरकवली, गर्दीत म्हाताऱ्या माणसाला जागा करून द्यावी तशी, आणि स्वतः दाराशेजारच्या स्टुलावर बसले. आबा आत आले. टेबलावरच्या गठ्ठ्याकडे त्यांनी पाहिलं. “ते वाच,” मला म्हणाले. मी नवं प्रकरण काढलं, आणि पहिल्यापासून वाचलं. कोपऱ्यात भोक होतं. आबा डोळे मिटून ऐकत होते. खळी जळाली तिथं त्यांनी एकदा नाक ओढलं, बाकी काही नाही.

वाचून झालं. मी पाणी आणायला उठले. आबांनी पिशवी माझ्या हातात दिली, पाय वर घेऊन खुर्चीत नीट बसले.

“नाना,” म्हणाले, “दार दी द्या. मी आज काही जास नै.”

नानांनी काय देऊ म्हणून विचारलं नाही. ते उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं.